आप्पा बोलत नाहीत

"काका, म्हणजे… घरी सगळं ठीक आहे ना?" ऋतुजा ढोबळेने विचारलं.

"घरी ठीकच हाय की," आप्पा म्हणाले. "गच्ची तेवढी गळतीय."

तिसऱ्या वर्षाचा सगळा वर्ग फिदीफिदी हसला. ऋतुजाचे कान लाल झाले. तिने हातातल्या पेनाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. आप्पांकडे मात्र पाहिलं नाही. "तसं नाही हो काका. म्हणजे काकूंबरोबर… तुमचं ते… तिथलं…"

"तिथलं म्हंजे कुठलं? बार्शीचं?"

आता बाकं वाजायला लागली. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डॉ. विभावरी हंचाटेने डोळे मिटून घेतले. सीना नदीकाठच्या या मेडिकल कॉलेजात ती त्वचा आणि गुप्तरोग विभागाची प्रमुख होती. खात्याच्या नावातच 'गुप्त'. आजार गुप्त ठेवला की बरा होतो, असं हे नाव ठेवणाऱ्याला वाटलं होतं की काय, हा प्रश्न तिला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पडलेला होता. डोक्यावरचे केस पांढरे झाले, तरी उत्तर मिळालं नव्हतं.

"बास!" ती म्हणाली. वर्ग गप्प झाला. "ढोबळे, शरीररचनेत तुला सुवर्णपदक आहे. ओटीपोटातल्या एकूण एक नसा तू तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणून दाखवल्यास. त्या नसा काय काम करतात, एवढं या माणसाला विचारता येत नाही?"

"येतं मॅडम. पण शब्द…"

"कुठला शब्द?"

"तोच तर. पुस्तकातला वापरला तर त्यांना कळणार नाही. आणि त्यांना कळेल तो…" ऋतुजा थांबली. "तो शिवीत आहे मॅडम."

या उत्तरात खोट काढण्यासारखं काही नव्हतं आणि म्हणूनच विभावरीचा वैताग आणखी वाढला. आपल्या भाषेने या सगळ्या अवयवांची वाटणी केली होती. अर्धे पंडितांना दिले, अर्धे भांडणाऱ्यांना. आजारी माणसाच्या वाट्याला 'ते', 'तिथे' आणि 'तसलं' एवढंच उरलं.

आप्पा म्हणजे यंत्र होतं. यंदापासून नियमच झाला होता, की पेशंटला लैंगिक आरोग्याबद्दल नीट विचारता आल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याला डॉक्टर होता येणार नाही. खऱ्या पेशंटवर हा सराव कसा करणार? म्हणून कॉलेजने पुण्याच्या एका कंपनीकडून आप्पा आणले. वय अठ्ठावन्न, सदरा-पायजमा, कपाळावर आठ्या, गालांवर खुंट. कातडी सिलिकॉनची, पण हात हातात घेतला तर कोमट लागायची.

आप्पांची करामत मात्र कातडीत नव्हती, ऐकण्यात होती. त्यांच्या बुबुळांमागे कॅमेरे होते. माणूस लाजला की चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. आपल्या डोळ्यांना तो रंग कळायच्या आधी तो कॅमेऱ्याला कळतो. अवघड शब्दाआधी आवाज किंचित चढतो, श्वास अडतो, नजर सरकते. हजारो खऱ्या डॉक्टर-पेशंटच्या बोलण्यावरून आप्पांना एकच गोष्ट शिकवलेली होती. ती म्हणजे समोरच्याच्या या खुणा पाहून खरा पेशंट कधी तोंड उघडतो आणि कधी मिटतो. आप्पांच्या मनात त्या क्षणी डॉक्टरवर किती भरवसा आहे, हे मागच्या पडद्यावर एक काटा दाखवायचा. काटा मधल्या रेषेपलीकडे गेला, तरच आप्पा खरं दुखणं सांगायचे. नाहीतर गच्ची गळायची.

दुसरी करामत त्याहून जालीम होती. आप्पांच्या आत एक आजारही वाढत असायचा. विचारलं नाही तर तो थांबत नसे.

"दाब ते बटण," विभावरी म्हणाली.

ऋतुजाने 'सहा महिने पुढे' असं लिहिलेलं बटण दाबलं. आप्पांची मान खाली गेली, मग वर आली. कपाळावर घाम डवरला होता. डावा हात छातीवर. "डाक्टर…" एवढं म्हणून ते खुर्चीत एका बाजूला कलंडले. पडद्यावर सरळ रेष आली.

कुणी हसलं नाही.

"याला दहा वर्षं मधुमेह," विभावरी म्हणाली. "थकवा येतो म्हणून तुमच्याकडे आला. साखरेने रक्ताच्या नळ्यांचं आतलं अस्तर खराब होतं. आधी कुठली नळी चोंदेल? बारीक असेल ती. लिंगाला रक्त देणाऱ्या नळ्या हृदयाच्या नळ्यांपेक्षा अरुंद असतात. म्हणून कित्येक पुरुषांत ताठरता आधी जाते आणि छातीत दुखायला त्यानंतर दोन-चार वर्षांनी लागतं. ती दोन-चार वर्षं म्हणजे निसर्गाने दिलेली आगाऊ सूचना आहे. आप्पा ती सूचना खिशात घेऊन तुमच्यासमोर बसले होते. तुम्ही त्यांना बार्शीला पाठवलंत."

*

दुसऱ्या दिवशी अधिष्ठाता डॉ. मुळजे यांनी तिला बोलावून घेतलं. मुळजे गोड माणूस. इतका गोड, की त्यांच्याशी बोलून बाहेर पडल्यावर विभावरीला नेहमी पाणी प्यावंसं वाटे.

"हंचाटे मॅडम, आपल्या आप्पांचं काम छान चाललंय असं कानावर आलं," ते म्हणाले. "फक्त दोन-तीन पालकांचे फोन होते. आणि संस्थेचे अध्यक्षसाहेब पाहून गेले. त्यांचं म्हणणं, आप्पांना थोडं झाकता येईल का?"

"सर, आप्पांनी गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा घातलाय. पायजमा आहे. आता काय, घोंगडी पांघरू?"

"तसं नाही. बोलण्याचं म्हणतोय मी. यंत्रात 'शालीनता' म्हणून एक सोय आहे म्हणे. ती चालू केली, की नको ते शब्द आपोआप गाळले जातात."

"सर, नको त्या शब्दांसाठीच तर यंत्र घेतलंय."

"घेतलंय ना! प्रयोगशाळेत ठेवलंय ना! झालं तर मग." मुळजे हसले. "गुरुवारी वैद्यक परिषदेचे तपासनीस येतायत. त्यांच्यासमोर एखादा विद्यार्थी आप्पांशी चार शब्द बोलला, की आपलं काम झालं. आणि विषयाचं नाव फलकावर 'कौटुंबिक स्वास्थ्य' असं लिहू या. कसं?"

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, म्हणतात ते हेच. इथे तर ताकही लपवायचं होतं. विभावरी उठली आणि बाहेर येऊन पाणी प्यायली.

वर्गात परतली तर पोरं आप्पांभोवती कोंडाळं करून बसली होती. सकाळपासून प्रत्येकाने प्रयत्न केला होता. आप्पा सकाळपासून मरत होते. काहींनी एवढ्या घाईने विचारलं, की आप्पांनी ऐकलंच नाही. एकाने 'वैवाहिक जीवनातील समाधानाची पातळी' विचारली, तेव्हा आप्पा म्हणाले, "पातळी पावसावर हाय."

"मॅडम," ऋतुजा म्हणाली, "एकदा तुम्ही दाखवा ना."

विभावरीला हे हवंच होतं. ती आप्पांसमोर बसली. तिला लाज कसली? हे सगळे शब्द ती भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तसे उच्चारत आली होती.

"आप्पा, मधुमेह किती वर्षांपासून?"

"झाली की धा वर्षं."

"बायकोशी शरीरसंबंध येतात?"

आप्पांनी सदऱ्याचं टोक सारखं केलं.

"लिंग ताठ होतं का? पूर्ण होतं, अर्धवट होतं, की अजिबात होत नाही?"

आवाज कापला नाही, नजर हलली नाही. पण पडद्याकडे पाहणाऱ्या पोरांमध्ये कुजबुज झाली. काटा खाली चालला होता, तोही ऋतुजाच्या वेळेपेक्षा भराभरा.

"लाजायचं काही कारण नाही, आप्पा. बोला."

"न्हाई, झोप लागंना बाई. येवढंच." आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. "झोपंची गोळी द्या, म्हंजे मी जातो."

"झोपेचं नंतर बघू. मी विचारलं त्याचं उत्तर द्या."

आप्पा बोलले नाहीत. कुणी बटण दाबलं, ते तिला कळलंही नाही. आप्पा तिच्यासमोर कलंडले.

तिने तिथूनच पुण्याच्या कंपनीत फोन लावला. आप्पांच्या मेंदूची जुळणी करणारी अभियंता निहारिका पाध्ये फोनवर आली. "तुमचं यंत्र बिघडलंय," विभावरी म्हणाली. "मी एकही शब्द अडखळले नाही."

पलीकडे बराच वेळ कळफलक वाजत राहिला. "मॅडम, लाज जवळपास शून्य आहे तुमची. असं मी आजवर पाहिलं नव्हतं."

"मग?"

"आप्पा फक्त लाज पाहत नाहीत ना. समोरच्या माणसाला आपलं ऐकायचंय का, हे पाहतात. तुमच्या प्रश्नांमध्ये जागाच नाहीये. उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न. श्वास जोरात सोडलेला तीनदा दिसतोय. जबडा आवळलेला." ती जरा घुटमळली. "यंत्राच्या भाषेत याला आम्ही वैताग म्हणतो."

"मी वैतागलेले नव्हते!" विभावरी ओरडली.

पलीकडे पुन्हा कळफलक वाजला.

*

घरी जेवणं चालली होती तेव्हाही ती आप्पांनाच शिव्या घालत होती. समोर तिचा नवरा श्रीनिवास पोळीचे बारीक तुकडे करत ऐकत होता. तो आयटीआयमध्ये शिक्षक होता. लेथ मशीन शिकवण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. गेल्या वर्षी निवृत्त झाला होता. त्याच्या दंडावर साखर मोजणारी चकती होती आणि तिचे आकडे थेट विभावरीच्या फोनवर यायचे. त्याने दुपारी चोरून पेढा खाल्ला, तरी तिला ओपीडीत बसल्या बसल्या कळायचं.

"सरळ प्रश्न विचारला, तर म्हणे वैताग!" ती म्हणाली. "अरे, समोर साठीला आलेला माणूस, इतकी वर्षं साखर, जिना चढला की दमतो, बायकोपासून लांब झोपायला लागलाय, कुणी विचारलं की घोरण्याचं निमित्त सांगतो…"

वाक्य संपता संपता तिचा घास हातातच राहिला. हे शेवटचं आप्पांच्या माहितीत नव्हतं. आप्पा घोरण्याबद्दल कधीच काही बोलले नव्हते.

श्रीनिवास मधल्या खोलीत झोपायला लागला, त्याला बरेच दिवस झाले होते. घोरण्याने तुझी झोपमोड होते, तो म्हणाला होता. तिला सकाळची ओपीडी असायची. तिला ते बरंच वाटलं होतं.

"मग काय झालं त्या आप्पांचं?" श्रीनिवासने विचारलं.

"मेले."

"अरेरे!" तो म्हणाला आणि ताट उचलून उठला.

"श्रीनिवास, थांब. तुला काही त्रास आहे का? सरळ सांग."

तो मोरीजवळ पाठमोरा उभा होता. "कसला त्रास? काही नाही ग."

"कसला म्हणजे? शरीरसंबंधाचा. ताठरतेचा. साखरेने होतो तो. मी काय परकी आहे का? बोल की!"

"झोप नीट होत नाही, एवढंच," तो म्हणाला. त्याने नळ सोडला आणि भांड्यांवर पाण्याचा आवाज पडत राहिला.

विभावरीने कपाळाला हात लावला. घरातही पडदा असता आणि पडद्यावर काटा, तर तो कुठे गेला असता, हे सांगायला तिला पुण्याला फोन करण्याची गरज नव्हती. तिला स्वतःचा राग आला, मग नवऱ्याचा आला, मग पुन्हा स्वतःचा. त्याच्या रक्तातली साखर तिला तासातासाला कळत होती. एवढी एकच गोष्ट होती जी कुठलीही चकती मोजू शकत नव्हती. ती विचारल्याशिवाय कळत नाही, हे ती दरवर्षी दीडशे पोरांना सांगत होती.

*

गुरुवारी तपासनीस आले. एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण बाई. फलकावर 'कौटुंबिक स्वास्थ्य' होतं. आप्पांच्या गळ्यात मुळजेंनी हौसेने उपरणं घातलं होतं. चिठ्ठी टाकून विद्यार्थी निवडला आणि नेमकी ऋतुजाच निघाली.

ती खुर्चीत बसली तेव्हाच तिच्या मानेपर्यंत लाली चढली होती. साखरेचं विचारून झालं, थकव्याचं झालं. मग ती थांबली. विभावरीच्या जिभेवर 'विचार की पुढे!' आलं होतं, ते तिने गिळलं. ऋतुजाने पेन खाली ठेवलं. मग पहिल्यांदाच आप्पांच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "आप्पा, मला आता एक विचारायचंय. मला विचारायला लाज वाटतेय, तुम्हाला सांगायला वाटेल. पण साखरेच्या पुष्कळ पेशंटना हा त्रास होतो आणि तो कळला नाही, तर मला तुमचं हृदय कसं आहे ते कळणार नाही. काकूंच्या जवळ जाताना काही अडचण येते का? आत्ताच सांगा असं नाही. मी बसलेय."

आणि ती खरंच बसून राहिली. लाल, घामाघूम, पण बसलेली.

काटा हलला. थरथरत वर गेला आणि मधली रेषा ओलांडून पलीकडे गेला. विभावरी भिंतीपासून सुटून पुढे आली. लाज नसणं म्हणजे भरवसा, असं ती आजवर धरून चालली होती. आप्पांना लाजेचं वावडं नव्हतंच. लाज दडवलेली त्यांना खपत नव्हती.

आप्पांनी घसा साफ केला. "खरं सांगू का पोरी? कुणी इचारलंच न्हवतं. दोन वर्षं झाली. माझं…"

आणि बासरी वाजायला लागली.

मंजुळ, सकाळच्या रागातली. आप्पांचे ओठ हलत होते, डोळे पाणावले होते आणि तोंडातून बासरीचे सूर येत होते. मुळजे समाधानाने मान डोलवत होते. शालीनता चालू होती.

विभावरी सरळ चालत जाऊन आप्पांच्या पाठीमागे उभी राहिली आणि मानेखालचं झाकण उघडून तिने ती कळ खाली पाडली.

"मॅडम!" मुळजे अर्धे उठले.

"सर, हा माणूस पहिल्यांदा बोलतोय," ती म्हणाली. "त्याला बोलू द्या. नाहीतर गुरुवारी पास होऊन शुक्रवारपासून आपण बासरीवाले डॉक्टर बनवू."

"… ताठच हुईना," आप्पा सांगत होते. "आधी अर्धंमुर्धं व्हायचं, आता तेबी न्हाई. बायकूला वाटतं, माझा जीव उडाला तिच्यावरचा. तसं न्हाई हो. मी गच्चीवर झोपतो. कुणाला सांगू? डाक्टरकडं पोरीबाळी असत्यात."

वयस्कर तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी ऋतुजाला विचारलं, "पुढे काय करशील?"

"आधी त्यांचे आभार मानेन सर," ऋतुजा म्हणाली. "मग हृदयाची तपासणी. आजच."

आप्पा त्या दिवशी मेले नाहीत. तपासनिसांनी अहवालात काय लिहिलं, याची मुळजेंना आठवडाभर काळजी लागून राहिली. विभावरीला ती लागली नाही. तिला दुसरी होती.

*

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा श्रीनिवास मधल्या खोलीत रेडिओचं मागचं झाकण उघडून बसला होता. ती त्याच्या पलंगाच्या कडेला टेकली. येताना गाडीत तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं. आता तोंड उघडलं आणि ते हरवलं. हा प्रश्न तिने हजारो पेशंटना विचारला होता. तिचा स्वतःचा चेहरा गरम होत चालला होता आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं.

"मला तुला एक विचारायचंय," ती म्हणाली, "आणि मला लाज वाटतेय."

श्रीनिवासने पेचकस खाली ठेवला. "तुला?" तो मोठ्याने हसला. "तुला लाज?"

तीही हसली. मग हसू ओसरलं आणि दोघं तशीच बसली. एरवी ही शांतता तिने तीन प्रश्नांनी भरून टाकली असती. आज तिने पदराचं टोक मुठीत धरलं आणि गप्प राहिली.

"तू परवा जे विचारलंस," तो शेवटी म्हणाला, "ते आहे. तीन वर्षं झाली."

तीन वर्षं! आणि घरात डॉक्टर! ओठांपर्यंत आलेलं तिने दाताखाली दाबलं.

"तू दिवसभर तेच ऐकतेस," तो म्हणाला. "म्हटलं, घरी आणखी एक पेशंट कशाला? सांगितलं असतं तर तू मला तपासलं असतंस. गोळी लिहून दिली असतीस. मला तपासून घ्यायचं नव्हतं ग." तो रेडिओच्या तारांकडे पाहत होता. "तुला वाटलं असेल, मला तू नकोशी झालीस."

"मला काहीच वाटलं नाही, श्रीनिवास," ती हळूच म्हणाली. "तेच वाईट झालं. मला काही वाटावं, एवढंसुद्धा मी थांबले नाही."

त्याने तिचा हात धरला. मग म्हणाला, "अजून एक आहे. टाकीवर चढताना छातीवर कुणी पाय ठेवल्यासारखं होतं. उतरलो की जातं. ते सांगितलं नाही, कारण ते सांगितलं तर तू मागचंही विचारणार, हे मला माहीत होतं."

विभावरीला रडू आलं आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. तिने दोन्ही केलं.

*

सोलापूरच्या हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा एक नळी जवळजवळ बंद झालेली निघाली, दुसरी त्या वाटेवर होती. अजून थोडे दिवस गेले असते तर, असं म्हणून त्याने वाक्य सोडून दिलं. स्टेंट बसले, काम नीट झालं. घरी सोडायच्या दिवशी त्याचा मदतनीस तरुण डॉक्टर, आदिनाथ शेटे, पलंगापाशी उभा राहून सूचना देत होता. मीठ किती, चालायचं किती, गाडी केव्हा चालवायची, जिना केव्हा चढायचा, पोहायचं केव्हा. श्रीनिवासला पोहता येत नव्हतं, तरी तेही सांगून झालं.

"झालं सगळं?" श्रीनिवासने विचारलं.

"झालं काका."

"मग एक राहिलं. बायकोजवळ केव्हापासून झोपायचं? आणि जे होत नाही, त्याचं आता काही करता येईल का?"

आदिनाथचे कान लाल झाले. त्याने हातातल्या टॅबकडे पाहिलं, सलाईनच्या स्टँडकडे पाहिलं. "ते… म्हणजे तसं… मॅडम सांगतील ना तुम्हाला घरी."

विभावरीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. शेटे! दुसऱ्या बाकावर बसायचा. हा तिच्याच हाताखाली शिकला होता, तिच्याच विषयात पास झाला होता. तिनेच त्याला पास केलं होतं. तिचा जबडा आवळला गेला, श्वास जोरात सुटला.

मग ती खुर्चीत मागे टेकून बसली.

"लाज वाटतेय?" तिने विचारलं.

"हो मॅडम," तो कसाबसा म्हणाला.

"मग आधी तेच सांग त्यांना. मी इथे डॉक्टर नाही, पेशंटची बायको आहे. मलाही ऐकायचंय." तिने पिशवी पायाशी ठेवली. "बस. आम्हाला घाई नाही."

आदिनाथने टॅब बाजूला ठेवला आणि स्टूल पुढे ओढलं.